तुर्काच्या कोठारातल्या दोन पेट्या

व्हर्ना ओपचे पत्र आले तेव्हा नाताळ नुकताच होऊन गेला होता. एप्रिल उजाडला तरी लिबोरियस वांगलरने त्याला उत्तर दिले नव्हते.

इतर कुणाचेही पत्र त्याच्याकडे आठवड्यापेक्षा जास्त पडून राहत नसे. टॅलमन काउंटीचे जुने दफ्तर शाळेच्या तळघरात होते. तिथे तो निवृत्त झाल्यापासून बिनपगारी बसत होता, आणि कॅलिफोर्नियापासून कॅनडापर्यंतचे लोक त्याला लिहीत. आमचे पणजोबा रशियातल्या कुठल्या गावचे? आडनाव जर्मन, मग आजी स्वतःला रशियन का म्हणायची? लिबोरियसला समोरासमोर बोलताना घाम फुटे, पण कागदावर तो धीट होता. तो चार-चार पाने लिही, नकाशा काढी, आणि पाकीट बंद केल्यावर आपण काहीतरी चुकीचे लिहिले की काय या शंकेने पुन्हा उघडी.

बिस्मार्कहून आलेले व्हर्नाचे पत्र लहान होते. ‘माझी आई एमा ऐंशीला टेकली आहे आणि फार दिवस काढेल असे वाटत नाही. ती दीड वर्षाची असताना तिची आई, क्रिस्तीना हीब, फ्लूच्या साथीत गेली. आजोबा एमाला घेऊन माँटानात गेले ते परत आलेच नाहीत. आता आईचा एकच हट्ट आहे. मला माझ्या आईशेजारी ठेवा, म्हणते. क्रिस्तीनाची कबर झायन चर्चच्या दफनभूमीत आहे असे कळते. ती तिथेच आहे ना, एवढे तुम्ही सांगाल का?’

लिबोरियसने ते पत्र तीनदा वाचले, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. क्रिस्तीना झायनमध्ये नाही, असे त्याला एका माणसाने एकदा सांगितले होते. ते खरे मानले, तर ती कुठे आहे हेही त्याला ठाऊक होते. सेंट कुनिगुंडाच्या दफनभूमीत, त्याच्या स्वतःच्या आजीच्या लोखंडी क्रुसाखाली.

फेब्रुवारीत एमा वारली. त्या वर्षी हिमवादळांनी कहर केला होता आणि जमीन लोखंडासारखी झाली होती. काउंटीच्या साप्ताहिकात दोन ओळी आल्या: शवपेटी गावातल्या दफनगृहाच्या शीतखोलीत ठेवली आहे, एप्रिलअखेर जमीन मोकळी झाली की झायनमध्ये आईशेजारी दफन होईल. लिबोरियसने कात्रण कापले आणि पत्राबरोबर खिशात ठेवले. त्या दिवसापासून तो कोट त्याला जड वाटू लागला.

टॅलमन काउंटीत माणूस कुठल्या रक्ताचा हे विचारायचे नसते, त्याची माणसे कुठे पुरली आहेत हे विचारायचे. वांगलर आणि हीब ही दोन्ही घराणी मूळची जर्मन. रशियाच्या त्सारिणीने जमीन देऊ केली म्हणून दोघांचे पूर्वज काळ्या समुद्राकाठच्या माळावर गेले, आणि शंभर वर्षांनी त्सार पोरांना सैन्यात ओढू लागला तेव्हा दोघेही अमेरिकेतल्या डाकोटात आले. दोन्ही वेळा माणसे गावेच्या गावे उचलून निघाली, आणि गावातली भांडणेही त्यांनी पेटाऱ्यात घालून आणली. ओढ्याच्या उत्तरेला, सेंट कुनिगुंडाभोवती, वांगलरांसारखे कॅथलिक बसले; दक्षिणेला, झायनभोवती, हीबांसारखे प्रॉटेस्टंट लुथरन. दोघांची बोली एकच, मातीची घरे एकसारखी, चुलीत शेणाच्या गोवऱ्या त्याच आणि खिशात सूर्यफुलाच्या बियाही त्याच. पण एकमेकांच्या घरी पाणी प्यायचे नाही. ओढ्यापलीकडे लग्न केलेल्या मुलीचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगायचे.

ओढ्याच्या वळणावर, दोघांच्या मध्ये, यूसुफ हम्दान या सीरियातून आलेल्या माणसाचे शेत होते. दोन्ही बाजूंचे लोक त्याला तुर्क म्हणत.

“तुर्कांच्या फौजेतून पळून आलो मी,” तो म्हणायचा, “आणि तुम्ही मलाच तुर्क करून ठेवलंत!”

एकोणीसशे एकोणीसच्या जानेवारीत साथीची आणखी एक लाट आली. एकाच आठवड्यात लिबोरियसची आजी मागदालेना वांगलर गेली, सात मुलांची आई, आणि क्रिस्तीना हीब गेली, बावीस वर्षांची. जमिनीत कुदळ शिरत नव्हती. अशा वेळी पेटी कोठारात ठेवून वसंताची वाट पाहायची, हा सगळ्यांचाच रिवाज होता. पण त्या साली घरोघरी माणसे अंथरुणाला खिळलेली, कोठारांची दारे लावायलासुद्धा कुणी नव्हते, आणि लांडगे ओढ्यापर्यंत येत होते. तुर्काचे कोठार दुहेरी फळ्यांचे आणि पक्के होते. शिवाय ते कुणाच्याच धर्माचे नव्हते. मागदालेनाला उत्तरेच्या भिंतीला ठेवले, क्रिस्तीनाला दक्षिणेच्या. दोन्ही पेट्या एकाच सुताराच्या, पाइनच्या, वर काळे कापड ठोकलेल्या. नावाची पाटी कुणी लावली नाही. कुठल्या भिंतीला कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना पाटी कशाला?

पुढचे लिबोरियसला यूसुफने सांगितले होते. काउंटीचे पुस्तक निघणार होते तेव्हा तो जुन्या माणसांच्या आठवणी टिपत हिंडत होता. यूसुफ तेव्हा ऐंशीच्या आसपास होता, ओसरीवर बसून घट्ट कॉफी पीत होता.

“मार्चमध्ये बियाण्याचा गहू काढायचा होता,” यूसुफ म्हणाला. “पोत्यांच्या आड पेट्या. मी आणि माझा भाऊ, आम्ही त्या बाहेर काढल्या, गहू उपसला, पेट्या परत आत ठेवल्या. भावाला तुमच्यातलं उत्तर-दक्षिण काय कळतंय? त्याला वाटलं, मेलेली बाई ती मेलेली बाई. मी गाडी जुंपायला बाहेर गेलो होतो.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“एका पेटीच्या कोपऱ्यावर कापड फाटलं होतं. तुझ्या आजीच्या. बर्फ वितळल्यावर दोन्हीकडचे लोक एकाच सकाळी आले. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून इतकी घाई, इतकी घाई! गाड्या चढावर गेल्या तेव्हा मला फाटका कोपरा दिसला. दक्षिणेकडे चालला होता.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“त्याच संध्याकाळी तुझ्या आजोबांकडे गेलो. दारातच उभं केलं मला. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, तुर्का, तू काही बोलला नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. आता घरी जा.” यूसुफने कप पालथा घातला. “गेलो घरी. मला इथे राहायचं होतं, बाबा.”

लिबोरियसने हे टिपून घेतले नाही. यूसुफ त्या दिवशी स्वतःच्या मुलांची नावेही एकमेकांत मिसळत होता. ऐंशीच्या माणसाच्या आठवणीवर किती विसंबायचे? दोन वर्षांनी तो गेला, मुले डेट्रॉइटला निघून गेली. काउंटीच्या पुस्तकात लिबोरियसने एक नकाशा काढला, कॅथलिक कबरींना निळे ठिपके, लुथरनांना पिवळे. काउंटीतल्या थोड्या नॉर्वेजियनांना खाली एक ओळ मिळाली, हम्दानांना अर्धी. लोकांना नकाशा फार आवडला. तेव्हापासून त्यातले दोन ठिपके त्याच्या डोळ्यांना खुपत होते.

ईस्टरच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला गेला. ओटिलिया त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तिनेही लग्न केले नव्हते. आयुष्यभर सेंट कुनिगुंडाच्या फादरांच्या घरी स्वयंपाक केला, आणि दर शनिवारी आजीची कबर झाडली.

“हीबांची एमा गेली, वाचलंस?” त्याने सुपात चमचा बुडवत विचारले.

“वाचलं. ऐंशी म्हणजे सोनं झालं म्हणायचं. तू खा, गार होतंय.”

“झायनमध्ये पुरणार आहेत तिला. तिच्या आईशेजारी.”

“मग? लुथरनांना लुथरनांत पुरतात. त्यात बातमी काय?”

“टिली, तिथे तिची आई नाहीये.”

ओटिलियाने डाव खाली ठेवला. मग कुठे आहे, असे तिने विचारले नाही. “तुला कुणी सांगितलं?” असे विचारले.

लिबोरियसच्या हातातला चमचा थांबला. “तुर्क यूसुफनं. पस्तीस वर्षं झाली.”

“पस्तीस वर्षं!” ती कोरडे हसली. “आणि मी समजत होते, हे ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. आपल्या घराण्याच्या पोटात गोष्ट गेली की विहिरीत धोंडा.”

“तुला कसं ठाऊक?”

“बाबा शेवटच्या दुखण्यात बोलले. तू तेव्हा कॉलेजात होतास, पुस्तकात तोंड खुपसून.” ती खुर्चीवर बसली. “आजी अंगानं थोराड होती, लिबो. गव्हाचं पोतं एकटी उचलायची. जानेवारीत पेटी कोठारात नेली तेव्हा सहा माणसं धापा टाकत होती. एप्रिलमध्ये बाबांनी कोपरा धरला, जोर लावला, आणि पेटी एकदम वर उडाली. हलकी. पोरीसारखी हलकी.”

“ते काही बोलले नाहीत?”

“सोळा वर्षांचा पोर तो! त्याला वाटलं, हिवाळ्यात माणूस सुकतं, कडब्यासारखं. मातीसुद्धा टाकली त्यानं. रात्री आजोबांना म्हणाला, आई इतकी हलकी कशी झाली? तर एक थोबाडीत बसली. तेव्हा कळलं त्याला. थोबाडीत बसल्यावर.”

यूसुफने पाहिलेला फाटका कोपरा आणि बापाच्या हाताला लागलेले वजन. आता शंकेला जागा उरली नव्हती. लिबोरियसला बरे वाटायला हवे होते. त्याऐवजी त्याने सुपाची वाटी दूर सारली.

“सगळं ठाऊक असून तू दर शनिवारी तिथे जातेस? फुलं लावतेस?”

“मग? खाली कुणाची तरी आई आहे ना! तिच्या माणसांतलं कोण येणार होतं इकडे? नवरा माँटानात पळाला, पोर दुधावरची. मी नाही तर कोण?”

“आणि आपली आजी?”

ओटिलिया टेबलावरचा पाव नीट करत राहिली. “तिच्यासाठी प्रार्थना इथूनच म्हणते. देवाला ओढा ओलांडता येत असेल.”

“व्हर्नाला कळवायला हवं,” लिबोरियस म्हणाला. “एमाची मुलगी. तिनं मला नाताळातच विचारलं होतं.”

“कळव की! आणि ती म्हणेल, माझ्या आईला तिच्या खऱ्या आईशेजारी ठेवते. कुठे ठेवशील? त्या क्रुसाच्या डावीकडे माझी जागा आहे. दगडावर नाव कोरून झालंय, नुसतं साल राहिलंय. मी नाही देणार, लिबो.”

“मी मागत नाहीये.”

“मागतोयस. तू तोंडानं कधीच मागत नाहीस. नुसता मान खाली घालून बसतोस आणि समोरचा देऊन टाकतो. लहानपणी माझा अर्धा केक असाच खाल्लास.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. “तिला ठेवू दे झायनमध्ये. ऐंशी वर्षं मेलेल्यांचं काही बिघडलं नाही. आणखी एकीचं काय बिघडेल?”

पुढच्या सोमवारी लिबोरियस ओढा ओलांडून झायनला गेला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तो त्या फाटकातून कधी आत गेला नव्हता. नकाशासाठी त्याने ठिपके काढले होते तेसुद्धा लुथरनांनी पाठवलेल्या यादीवरून.

क्रिस्तीना हीबचा दगड एका बाजूला कलला होता. वर शेवाळ, भोवती गेल्या वर्षीचे वाळके गवत. शेजारी चार खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. कोपऱ्यात राइनहोल्ड बेंडर, दफनभूमीचा राखणदार, फावड्यावर रेलून उभा होता.

“लिबो! वाट चुकलास का रे? पोपचं मैदान पलीकडे आहे.”

“नाही... जरा बघत होतो. कुणाचा खड्डा?”

“माँटानाच्या एमाचा. शनिवारी आहे दफन. वर चिखल आणि खाली अजून दगड. गुरुवारी यंत्र आणणार.” राइनहोल्डने बियांची टरफले थुंकली. “एक माणूस येत नव्हतं या थडग्याशी, आणि आता म्हणे तीन गाड्या येणार.”

“म्हणजे इथे कुणीच...?”

“कोण येणार? मी गवत कापतो, बस्स. दगड सरळ करायचं दरवर्षी म्हणतो. गरीब बाई, एकटीच पडलीय इतकी वर्षं.”

लिबोरियसने टोपी काढली. खाली मागदालेना होती, पोते एकटी उचलणारी, आणि तिच्यावर दुसऱ्याच बाईचे नाव. काहीतरी म्हणावे असे त्याला वाटले. पण राइनहोल्डसमोर कॅथलिक प्रार्थना ओठांवर येईना.

“राइनहोल्ड, परका माणूस इथे पुरता येतो का?”

“एक नॉर्वेजियन आहे की. बायको आमच्यातली होती म्हणून. त्या टोकाला. काही तक्रार नाही त्याची.”

“आणि कॅथलिक?”

राइनहोल्ड मोठ्याने हसला. लिबोरियस हसला नाही हे पाहून थांबला. “मेलेला माणूस मनातल्या मनात कुठली प्रार्थना म्हणतो ते मला ऐकू येत नाही. समितीला येतं.” त्याने लिबोरियसला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “ज्याची जागा आहे त्यानं दिली, तर समिती कुरकुरेल आणि गप्प बसेल. का रे? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” लिबोरियस म्हणाला.

घरी येऊन त्याने फादरांना फोन केला. फोन उचलण्याआधी काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते, तरी मधेच ओळ चुकली. फादर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “तुमची जागा तुमच्या नावावर आहे, लिबोरियस. आई आणि मुलीला एकत्र ठेवायला हल्ली चर्चची आडकाठी नाही. पण खड्डा खणून खात्री करा असं कुणी म्हटलं, तर मी परवानगी देणार नाही. तुमच्या शब्दावरच व्हायला हवं हे.”

“माझ्या शब्दावर,” लिबोरियस पुटपुटला. त्याचा स्वतःचा त्या शब्दावर कधी फारसा विश्वास नव्हता.

व्हर्नाचा नंबर पत्रात होता. त्याने तोही फिरवला, एक घंटी वाजल्यावर ठेवून दिला, आणि कागद ओढला. पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात त्सारिणी होती, ओढा होता, साथीचा इतिहास होता. तो वाचून त्याला स्वतःचीच लाज वाटली. बाई आपल्या आईची पेटी घेऊन ताटकळत उभी आहे आणि हा तिला इतिहास शिकवतोय. त्याने सगळे फाडले. शेवटी एक पान उरले:

‘तुमची आजी झायनमध्ये नाही. दोन माणसांनी, एकमेकांना न सांगता, मला हे कळवले आणि मी ते खरे मानतो. कोठारात पेट्या बदलल्या. क्रिस्तीना सेंट कुनिगुंडामध्ये आहे, मागदालेना वांगलर या नावाच्या लोखंडी क्रुसाखाली. तिची कबर इतकी वर्षे माझ्या बहिणीने झाडली आहे. तिथे उजवीकडची जागा माझी आहे. ती मी तुमच्या आईला देतो. फादर हो म्हणाले आहेत. तुम्ही नाताळात विचारलेत आणि मी गप्प राहिलो, याची क्षमा मागण्याइतका वेळ आता नाही. झायनमध्ये तुमच्या आईसाठी घेतलेली जागा रिकामी राहिली, तर ती मला द्याल का? तिथे माझी आजी आहे.’

मंगळवारी सकाळी पाकीट न चिकटवता तो ओटिलियाकडे गेला. तिने दारात उभ्या उभ्या पत्र वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

“म्हणजे तू तिकडे जाणार.”

“त्यांनी दिली जागा तर.”

“आणि इथे मी, माझ्या शेजारी ती, तिच्यापलीकडे तिची मुलगी. दोन हीब आणि एक मी. वांगलरांच्या रांगेत वांगलर एकच.”

“आजी तिकडे एकटी आहे, टिली. दगड कललाय.”

“मी तुला पुरायला येणार नाही, सांगून ठेवते. त्या फाटकात मी पाय ठेवणार नाही.”

“तू माझ्याहून मोठी आहेस,” लिबोरियस हळूच म्हणाला.

क्षणभर वाटले ती हसेल. “तेही तुझ्याच सोयीचं,” ती म्हणाली. “रविवारी जेवायला येऊ नकोस.” तिने पत्र घडीवर घडी घालून त्याच्या हातात दिले आणि दार लावून घेतले. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या घराला दिवसा कडी लावलेली त्याने कधी ऐकली नव्हती.

तो बराच वेळ पायरीवर उभा राहिला. ती दार उघडेल असे त्याला वाटत होते. मग चिखलातून चालत पोस्टात गेला.

“बिस्मार्कला कधी पोचेल?” त्याने खिडकीतल्या बाईला विचारले.

“आता दिलंत तर उद्या. फार तर परवा.”

परवा म्हणजे गुरुवार, यंत्र यायचा दिवस. लिबोरियसने जिभेने पाकिटाची कड ओली केली, अंगठ्याने दाबली, पत्ता एकदा तपासला. पुन्हा उघडून बघावे असे वाटून त्याचा हात मागे आला.

“देताय ना, मिस्टर वांगलर? पिशवी बंद करायचीय.”

“हो,” तो म्हणाला, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवले.